मांजरीच्या पिल्लांना पिसवा, गोचीड – मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून विचारते आहे. आमची मांजर गोठ्यात कुटाराच्या ढिगात व्याली. पिल्लं महिनाभराची झाली, पण अंगावर पिसवा नुसत्या वळवळतात. पोटावरचे केस बाजूला केले की काळी पूड दिसते. ओल्या कापसावर घेतली की लालसर होते, म्हणजे रक्तच ते. सगळ्यात लहान पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या पडल्यात. त्याची फार काळजी वाटते.

मांजरीच्या कानामागचे गोचीड मी चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढते. रॉकेल वगैरे काही लावत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, गुरांवर मारायचं औषध पातळ करून लाव. कृपा करून हे कोणीच करू नका! त्या औषधांत असणारं सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला पचत नाही, झटके येऊन जीव जाऊ शकतो.

मांजरांसाठीचं फिप्रोनिल हे पिसवा मारायचं औषध थेंबांनी मानेवर टाकतात, पण ते थेंब ८ आठवड्यांखालच्या पिल्लांना चालत नाहीत. मग एवढ्याशा जिवांना काय करू? सध्या बारीक फणीनं पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवते. आई अजून पाजते, तिला औषध लावलं तर चालेल का? आणि पिसवांची अंडी तर कुटारात, सारवलेल्या जमिनीत पडलेली असणार. कुटार गुरं खातात, त्यावर फवारणार कसं?

यवतमाळ, दारव्ह्याकडे मांजरांचं नीट बघणारे डॉक्टर माहीत असतील तर आजच सांगा. पिल्लाला घेऊन सकाळच्या गाडीनं निघते.