जेट इंजिन बसवलं म्हणून शाहेद अजिंक्य होत नाही

तोफखाना (धागाकर्ता):
'पिस्टनवाल्या आत्मघाती ड्रोनचे दिवस संपले, शाहेद-२३८ आल्यावर १३६ भंगारात काढा' अशी एक पोस्ट कालपासून फिरते आहे. शाहेद म्हणजे इराणी बनावटीचं आत्मघाती ड्रोन: १३६ पिस्टन इंजिनवर उडतं, २३८ जेटवर. खाली नुसता होकाराचा पाऊस, एकालाही इंधनाचा हिशेब करावासा वाटला नाही.

तो असा. छोट्या टर्बोजेटला (२३८ सारख्या ड्रोनचं जेट इंजिन) दर न्यूटन थ्रस्टमागे (पुढे ढकलणाऱ्या जोरामागे) तासाला साधारण ०.११ किलो केरोसीन लागतं. ८०० न्यूटनवर उडवलंत तर तासाला ८८ किलो, आणि त्या तासात पाचशे किलोमीटर पदरात. १३६ चं टू-स्ट्रोक पिस्टन इंजिन ताशी १८५ च्या आसपास रमतगमत जातं, पण तेवढ्याच अंतराला त्याला फार तर याचा तिसरा हिस्सा पुरतो. जास्तीचं केरोसीन कुठे ठेवणार? एकतर वॉरहेड (स्फोटकाचा भाग) कापा, नाहीतर पल्ला सोडा, नाहीतर सांगाडा मोठा करा. सांगाडा मोठा केला की लाँचर, वाहतूक आणि रडारवरचा ठिपका, सगळंच वाढतं.

वळण्याचंही तेच. ३० अंश कललेलं ड्रोन १८५ च्या वेगाने साधारण ४६० मीटर त्रिज्येत वळतं, ५०० ला तीच त्रिज्या ३.४ किमी होते. दरीखोऱ्यातून लपतछपत जाणं विसरा.

वारा_पूर्वेचा:
हिशेब बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा. तुम्ही फक्त उडवणाऱ्याच्या बाजूने मोजलंत. आता खाली उभ्या असलेल्याच्या बाजूने मोजा. ड्रोन ३० किमीवर दिसलं असं धरू. १८५ ने येणारं डोक्यावर पोचायला पावणेदहा मिनिटं, ५०० ने येणारं साडेतीन. एवढ्यात माहिती खाली पोचवायची, पिकअपवरची मशीनगन योग्य जागी न्यायची आणि नेमही धरायचा.

नेमाचं तर बोलूच नका. १२.७ मिमीच्या गोळीला हजार मीटर कापायला दीडेक सेकंद लागतो. तेवढ्यात १३६ पाऊणशे मीटर सरकतं, २३८ दोनशेच्या वर. नुसत्या डोळ्यांनी लक्ष्याच्या दोनशे मीटर पुढे नेम (लीड) कोण धरणार? शाहेदविरुद्ध युक्रेनने स्वस्तात उभी केलेली अख्खी फळी, मशीनगनच्या फिरत्या तुकड्या आणि ताशी तीनशेच्या आसपासची इंटरसेप्टर (हवेतच धडकून पाडणारी) ड्रोन, एका झटक्यात अपुरी पडते. इंटरसेप्टरला मागून गाठणं शक्यच नाही, समोरून एकच संधी. जेटची किंमत इथे वसूल होते.

अग्निबाण७:
आणि आघाताचं काय? वेग पावणेतीनपट म्हणजे ऊर्जा सातपट. वॉरहेड थोडं कमी केलं तरी भरून निघतं.

तोफखाना:
@अग्निबाण७ नाही निघत, कृपा करून हे पसरवू नका. ३८० किलोचं ड्रोन ५०० च्या वेगाने आदळलं तर ऊर्जा पावणेचार मेगाज्यूलच्या आत. एक किलो टीएनटी (स्फोटक) म्हणजे ४.१८ मेगाज्यूल. सातपट करूनही हाती किलोभर टीएनटी लागत नाही, आणि तुम्ही त्यावर दहा-वीस किलो स्फोटक सोडायला निघालात! छत भेदून आत शिरायला वेग उपयोगी आहे, तेवढं मान्य.

इतिहासप्रेमी:
ही सगळी चर्चा १९४४ मध्ये होऊन गेली आहे. व्ही-१, म्हणजे जर्मनीचा जेटवर चालणारा उडता बॉम्ब, ताशी सहाशेच्या वर उडत होता, वॉरहेड ८५० किलोचं. १३ जून १९४४ ला पहिला लंडनवर पडला. जुलैच्या मध्यात ब्रिटिशांनी तोफा किनाऱ्यावर हलवल्या, सोबत एससीआर-५८४ रडार, नेमाचा हिशेब करणारं गणकयंत्र आणि प्रॉक्झिमिटी फ्यूज (लक्ष्याजवळ पोचताच गोळा फोडणारा). ऑगस्टअखेरीस बहुतेक व्ही-१ वाटेतच पडत होते. नुसत्या वेगाला रडारवर चालणारी तोफ पुरून उरते.

वारा_पूर्वेचा:
दरवेळी व्ही-१! तो ठरलेल्या दिशेने, सरळ रेषेत, एकाच किनाऱ्यावरून यायचा. तोफांची भिंत म्हणून शक्य झाली. आताच्या ड्रोनला वाटेतले बिंदू आधी भरून देता येतात, ते मागून वळसा घालूनही येतं. हजार किलोमीटरच्या आघाडीवर भिंत कशी बांधणार?

इतिहासप्रेमी:
भिंत देशभर नको, वीजकेंद्राभोवती हवी. गेपार्ड या विमानविरोधी चिलखती गाडीच्या ३५ मिमी तोफा रडारवर नेम धरतात, पाचशेचा वेग त्यांच्या आवाक्यात आहे. प्रश्न वेगाचा नाही, तोफांच्या संख्येचा आहे.

वारा_पूर्वेचा:
संख्येचा आहे हे मान्य. पण मग माझंच म्हणणं खरं ठरतं: जेटमुळे प्रत्येक वीजकेंद्राला मशीनगनऐवजी गेपार्ड लागतो.

कॉम्प्रेसर_ब्लेड:
वेगावर भांडताय, इंजिन कोण बनवणार ते बघा. टू-स्ट्रोकला सिलिंडर, पिस्टन, कार्ब्युरेटर. साधं मशीन शॉप पुरतं. टर्बोजेटचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं, ओतीव, मिनिटाला साठेक हजार फेऱ्यांवर बॅलन्स केलेलं. बॅलन्स किंचित हुकला की बेअरिंग जातं. इंधनाच्या नळीत हवेचा मोठा बुडबुडा शिरला की ज्योत विझते, आणि हवेत ते पुन्हा पेटवायची सोय नसेल तर संपलं. 'एकदाच उडायचंय, आयुष्य कशाला हवं' हा युक्तिवाद पोकळ आहे. एकदाच उडायचंय म्हणूनच ते दोन तास खात्रीने चाललं पाहिजे. संख्येची मर्यादा इथे येते, किमतीत नाही.

एक मुद्दा मात्र जेटच्या बाजूने, कुणीच काढला नाही. जीपीएस जॅम झालं की स्वस्त जायरोची (दिशा मोजणाऱ्या यंत्राची) चूक वेळेबरोबर वाढत जाते, तीही झपाट्याने. हजार किमीला १३६ साडेपाच तास हवेत, २३८ दोनच तास.

तोफखाना:
जायरोचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, तो घेतो. तरीही 'भंगारात काढा' हे चूकच. जेटचा झोत तापलेला, इग्ला-स्टिंगर या उष्णतेवर नेम धरणाऱ्या क्षेपणास्त्रांना पिस्टनपेक्षा ठळक दिसतो. आणि रडारवर वेग लगेच कळतो. शंभर ड्रोनांत दहा जेट घातले तर ते लपत नाहीत, उलट ते दहा कुठले हे आधीच कळतं.

वारा_पूर्वेचा:
कळू दे ना. कळल्यावर त्या दहांसाठी क्षेपणास्त्रं राखून ठेवावी लागतात, आणि उरलेले नव्वद मशीनगनवाल्यांच्या अंगावर. म्हणजे दोन्ही लागतात. एवढ्यापुरता तुमच्याशी सहमत, बाकी माझं म्हणणं कायम.