नव आरक्षकांच्या प्रशिक्षणावर लघुशोधप्रबंध: काय वाचू, कुणाला भेटू?

छत्रीबाग_इंदूर:
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. विषय घेतलाय तो घरातूनच आला. माझा मामेभाऊ आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, म्हणून भरती झाला. ट्रेनिंगमधून सुट्टीवर यायचा तेव्हा फिर्यादी बाईशी कसं बोलायचं, पंचनाम्यात काय सुटतं, हे आजीला बसवून समजावून सांगायचा. आता थान्यात लागून चार महिने झालेत. परवा विचारलं तर म्हणाला, "ताई, ते सगळं तिकडचं. इथे मुंशीजी सांगतील तसं." (मुंशी म्हणजे थान्यातली लिखापढी पाहणारा जुना पोलीस.) तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. गाइड म्हणतात, ट्रेनिंग सेंटरमध्ये प्रश्नावली भरून घे, काम झालं. मला ते अपुरं वाटतं. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, सुचवा.

रामबागकर:
तुझ्या भावाच्या त्या एका वाक्यावर पन्नास वर्षं संशोधन चाललंय. जॉन व्हॅन मानेन हे अमेरिकी अभ्यासक स्वतः प्रशिक्षणार्थी म्हणून पोलीस अकादमीत राहिले, मग नव्या पोलिसांबरोबर गस्तीवर गेले. त्यांचा 1973 चा लेख आधी वाच. नवा माणूस खरा घडतो तो पहिल्या जुन्या साथीदाराबरोबर, हे त्यात प्रसंगांतून दिसतं. त्यानंतर रॉबिन हार यांचा 2001 चा अभ्यास. त्यांनी त्याच त्या मुलांना अकादमीत, मग गस्तीवर शिकताना आणि पुढे नोकरीत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. अकादमीत लोकाभिमुख कामाबद्दल तयार झालेलं चांगलं मत प्रत्यक्ष कामावर गेल्यावर ओसरत गेलं. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीत हे कधी सापडलं नसतं. गाइडना नेमकं हेच दाखव.

आपल्याकडचं म्हणशील तर राजस्थानचा प्रयोग सोडू नकोस. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्याबरोबर नीना सिंह, ज्या स्वतः आयपीएस अधिकारी. 11 जिल्ह्यांतले 162 थाने. आठवड्याची सुट्टी, ड्यूटीची अदलाबदल, थान्यात बसणारे नागरिक निरीक्षक, बदल्यांना स्थगिती, प्रशिक्षण, असं बरंच काही करून पाहिलं. पहिल्या तीन गोष्टी स्थानिक पातळीवर नीट राबवल्या गेल्या नाहीत, म्हणून टिकल्या नाहीत. प्रशिक्षण आणि बदल्यांची स्थगिती यांनी मात्र फिर्यादींचं समाधान वाढलं. तेव्हा "ट्रेनिंगचा उपयोगच नाही" या निष्कर्षावर घाईने येऊ नकोस.

निवृत्त_उस्ताद:
बेटा, मी बरीच वर्षं परेड शिकवली. मुलं पहाटे पी.टी., मग परेड, आणि त्यानंतर कायद्याच्या वर्गात बसतात. डोळे मिटतात त्यांचे, दोष कुणाला देणार? टाइमटेबल मागून घे आणि मैदानाचे तास किती, वर्गाचे किती, ते स्वतः मोज. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. मुलं नवी कलमं शिकून थान्यात जातात आणि जुने हवालदार जुन्या भारतीय दंड संहितेची 302, 420 च बोलतात. इथे नवा मुलगा जुन्याला शिकवू शकतो, पण शिकवू देतात का? हे विचार. मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर वाचायला आवडेल.

परवानग्या दोन लागतील. पीटीसीची (पोलीस ट्रेनिंग कॉलेज) वेगळी आणि शहरातल्या थान्यांची वेगळी. डिसेंबर 2021 पासून इंदूरला पोलीस आयुक्त आहेत, त्यामुळे थान्यांचा अर्ज त्यांच्या कार्यालयात. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्रश्न सोबत जोडून. आणि मुंशीजींना भेटल्याशिवाय प्रबंध लिहू नकोस. तुझ्या भावाचे खरे उस्ताद आता तेच आहेत.

सुदामानगर_ताई:
मी महिला समुपदेशनाचं काम करते. आपल्या मध्य प्रदेशातच 180 थान्यांवर महिला हेल्प डेस्कचा मोठा प्रयोग झाला, 2022 साली सायन्स नियतकालिकात आला. लेखकांत संदीप सुखटणकर आहेत. डेस्क असलेल्या थान्यांत स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली, पण एफआयआर वाढले ते मुख्यतः डेस्कवर महिला अधिकारी बसवलेल्या थान्यांत. प्रशिक्षण दोन्ही प्रकारच्या डेस्कवर होतं. म्हणजे शिकवलं काय याच्या जोडीला खुर्चीवर कोण आहे हेही पाहावं लागेल. तुझ्या नमुन्यात मुली नक्की घे.

रामबागकर:
आणखी एक राहिलं. माधव सदाशिव गोरे यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस प्रशिक्षणावर समिती होती, 1973 चा अहवाल. समाजशास्त्राचा माणूस पोलिसांच्या शिक्षणाकडे कसा पाहतो, हे तुमच्या एमएसडब्ल्यूवाल्यांनी वाचायलाच हवं. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, शोधताना "नव आरक्षक" आणि "शिपाई" दोन्ही शब्द टाक. महाराष्ट्रातले प्रबंध दुसऱ्या शब्दाने सापडतात.

छत्रीबाग_इंदूर:
खूप आभार. गाइडशी बोलले. आता असं ठरतंय: एकाच बॅचची बारा मुलं-मुली, दीक्षांत परेडच्या आधी एक मुलाखत, थान्यात लागल्यावर तिसऱ्या महिन्यात दुसरी. शिवाय चार मुंशी. भावाला घेऊ का?

सुदामानगर_ताई:
नको. तो तुझ्याशी ताई म्हणून बोलला, मुलाखत देत नव्हता. त्याचं वाक्यही त्याला विचारल्याशिवाय प्रस्तावनेत घालू नकोस. बाकीच्यांची नावं बदलशीलच, पण थान्याचं नावही काढून टाक. एका थान्यात नवे दोनच असतील तर कोण बोललं हे तिथे सगळ्यांना लगेच कळेल, आणि त्या मुलाला पुढे तिथेच नोकरी करायची आहे.