तडा दिसत नसताना नाट्यगृह बंद करणं योग्य आहे का? (एक ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पडद्यामागे

सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये एकामागून एक नाट्यगृहांना कुलपं लागली. नॉर्दॅम्प्टनचं रॉयल अँड डर्नगेट, डार्टफर्डचं ऑर्चर्ड, रेडहिलचं हार्लेक्विन, कार्डिफचा सेंट डेव्हिड्स हॉल. कारण एकच, इमारतीत 'रॅक' सापडलं. रॅक म्हणजे सळई घातलेलं, वाफेच्या दाबाखाली पक्कं केलेलं सच्छिद्र काँक्रीट. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत तिथल्या शाळा, इस्पितळं, सभागृहं यांच्या सपाट छतांना ते सर्रास वापरलं गेलं.

मला वाटतं, ही घाई झाली. कार्डिफचंच घ्या. हॉल १९८२ चा. चाळीस वर्षांत रॅकमुळे काही झालेलं नाही आणि छताच्या (रॅकच्या) फळ्या खराब झाल्याचा पुरावा नाही, हे बंद करताना खुद्द तिथल्या नगर परिषदेनेच सांगितलं. तरी सुमारे दोन हजार खुर्च्यांचा हॉल बंद. आधी तपासणीपुरता, मग महिने गेले, मग वर्षं.

नाट्यगृह म्हणजे गोदाम नव्हे, की आज कुलूप लावलं आणि तीन वर्षांनी उघडलं. तिथल्या कित्येक थिएटरांचं वर्षभराचं पोट नाताळच्या पँटोमाइमवर, म्हणजे गाणी-विनोदांच्या कौटुंबिक नाटकावर चालतं. तो एक हंगाम बुडाला की तिकीटखिडकीवरची, नेपथ्याची, कपडेपटाची माणसं दुसरीकडे जातात. प्रेक्षकाचीही सवय मोडते, आणि मोडलेली सवय परत लागत नाही. नुसत्या संशयावर एवढी किंमत मोजायची?

सळई

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. 'पुरावा नाही' हा तुमचा मुख्य मुद्दा आहे आणि नेमका तोच रॅकला लागू होत नाही. जरा सविस्तर लिहितो.

साध्या काँक्रीटमध्ये खडी असते. रॅकमध्ये खडी नाहीच. सिमेंट-चुन्याच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड टाकतात, हायड्रोजन सुटतो, मिश्रण फुगतं. वजन साध्या काँक्रीटच्या पाव ते तिसरा हिस्सा. सच्छिद्र असल्याने पाणी आत शिरतं आणि सळई गंजते. म्हणून सळईला आधीच लेप देतात. पण लेपामुळे सळई काँक्रीटला नीट पकडत नाही. ती पकड येते टोकाजवळ वेल्ड केलेल्या आडव्या सळयांमुळे. आता समजा, बसवताना फळी लांब झाली म्हणून कोणी जागेवरच कापली. ती शेवटची आडवी सळई कापलेल्या तुकड्याबरोबर गेली. फळी भिंतीवर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर टेकलेली. अशी फळी आधी वाकून, तडे देऊन, माती गाळून इशारा देत नाही. टेकलेल्या जागी एकदम तुटते.

केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छत २०१८ मध्ये असंच कोसळलं. शनिवार होता म्हणून वर्गात मुलं नव्हती. पुढच्या वर्षी धोक्याची सूचना निघाली. २०२३ ची बंदी ही घाई नव्हे, उलट चार वर्षं उशीर झाला.

एका गळक्या छताखाली मी शिडीवर चढून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसत्या हाताच्या जोराने तो दोन पेरं आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओलसर पांढरा लगदा. हे काँक्रीट कोरडं असतानाही मऊच असतं, पण इतकं नाही. त्या फळीला खालून रंग दिलेला होता आणि रंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

दुसरी घंटा

मग घरांच्या भिंतींना वापरतात त्या एएसी ब्लॉकचं काय? तेही फुगीर काँक्रीटच ना? असं भीतीने बघायला लागलो तर राहायचं कुठे? आणि नॉर्दॅम्प्टन त्याच वर्षी पुन्हा उघडलं की. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग निघतो. मी पडद्यामागे यांच्या बाजूने.

सळई

एएसी ब्लॉक याच कुळातले, पण त्यांत सळई नसते आणि ते भिंतीत दाबाखाली उभे असतात, आडवे अधांतरी नाही. कृपया दोन्ही एका मापाने तोलू नका. नॉर्दॅम्प्टनमध्ये रॅक प्रेक्षकांच्या येण्याजाण्याच्या भागात होतं. प्रेक्षागृहाच्या डोक्यावर असतं तर खुर्च्यांमध्ये टेकू लावून नाटक करणार कसं?

विंगेतली

मी प्रकाशयोजनेचं काम करते, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य छताकडे बघण्यात गेलंय.

लंडनच्या अपोलो थिएटरचं कोणी लिहिलं नाही. १९ डिसेंबर २०१३, प्रयोग चालू, सातशेहून जास्त प्रेक्षक, आणि प्लास्टरच्या छताचा एक भाग खाली आला. ७० हून अधिक माणसं जखमी. तिथे रॅकचा संबंध नव्हता. इमारत १९०१ ची. तागाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून त्यांनी छत वरच्या लाकडांना टांगलेलं होतं. शंभर वर्षांत त्या पट्ट्या जीर्ण झाल्या. खालून बघणाऱ्याला दिसत होती फक्त नक्षी.

एका थिएटरात (नाव घेत नाही) दिवे लावताना दिव्यांच्या आडव्या नळीवर मुठीएवढा प्लास्टरचा तुकडा सापडला होता. मी दाखवला तर 'प्रयोग होऊन जाऊ दे, उद्या बघू' असं उत्तर. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, आणि पूर्ण दोन अंक मी स्टेजकडे बघितलंच नाही, पुढच्या चार रांगांकडे बघत होते. तिथे शाळेची मुलं बसली होती. प्रयोग रद्द झाल्याने माझेही पैसे बुडतात, पडद्यामागे. तरी त्या रात्री कोणी बंद करा म्हटलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

पडद्यामागे

ताई, तुमचं वाचून थांबलो. ठीक आहे, 'तडा दिसत नाही म्हणून चालू ठेवा' हे मी मागे घेतो. सळईची पकड, कापलेली टोकं, हे मला माहीत नव्हतं.

पण दुसरा अर्धा मुद्दा सोडत नाही. बंद करणारा हात आणि उघडणारा हात वेगळे आहेत. इंजिनिअरने एका सहीने बंद केलं. मग छत बदलायचे पैसे कोणाचे? बहुतेक इमारती नगर परिषदांच्या, आणि त्यांच्या तिजोऱ्या आधीच रिकाम्या. स्कॉटलंडमधल्या मसलबरोचं ब्रंटन थिएटर १९७१ पासून उभं होतं, तिथे परिषद शेवटी पाडण्याच्या निर्णयावर आली. डार्टफर्डने निदान तात्पुरतं तंबूचं थिएटर उभारून प्रयोग चालू ठेवले. मला तेच म्हणायचंय. कुलूप लावणाऱ्या कागदावरच लिहा की कंपनी कुठे हलणार, माणसांचा पगार कुठून येणार, दुरुस्तीचा निर्णय कोणत्या तारखेला होणार. ते नसेल तर सुरक्षिततेच्या नावाखाली थिएटर मरतं आणि जागा मोकळी होते.

सळई

यावर माझा वाद नाही. मात्र तारीख देणाऱ्याला आधी छत उघडून बघावं लागतं. फॉल्स सीलिंग काढा, प्रत्येक फळीचं टोक किती टेकलंय ते मोजा, मगच खर्च कळतो. त्याला आठवडे लागतात, आणि तेवढा काळ आत प्रेक्षक नकोत.

विंगेतली

आणि तोवर कोणीतरी वर जाऊन सपाट छतावरचे पाण्याचे पाइप साफ करा. पानं अडकून तळं साचतं, त्या वजनाने फळ्या खाली दबतात, मग आणखी पाणी साचतं. ते काम एका माणसाचं, एका सकाळचं आहे. दुरुस्तीच्या बजेटमध्ये सगळ्यात आधी तेच कापलेलं मी पाहिलंय.