हिशेब एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून
घरखर्च आटोक्यात आणायचा तर 'रोजचा खर्च लिहून ठेवा' असं बरेच जण सांगतात ते बरोबरच आहे, पण एकट्यानेच लिहिलं की बाकीच्यांना ती पोलिसगिरी वाटते, आमच्याकडे तेच झालं. मग एका रविवारी बँकेचं ३ महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन सगळे बसलो, लेकीच्या हातात हायलायटर, आणि तिनेच शोधून काढलं की एकाच म्युझिक अ‍ॅपचे पैसे दोघांच्या कार्डावरून वेगवेगळे कापले जातायत, फॅमिली प्लॅनमध्ये भागलं असतं की! जिमचं ऑटो-रिन्यू मात्र माझंच निघालं (गेलो किती वेळा ते विचारू नका). आता ऑनलाइन काही घ्यायचं असेल तर आधी २ दिवस कार्टमध्ये पडून राहतं, निम्म्या वस्तूंची नंतर आठवणही येत नाही. फक्त प्रत्येकाला थोडे पैसे बिनहिशेबी द्याच, नाहीतर लोक खर्च लपवायला लागतात.