तडे गेलेले अकीक खडे घासून गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या ड्रममध्ये टाकण्याआधी भरावेत का?

सिन्नरला आजोबांची विहीर खणताना निघालेले अकीकाचे अकरा खडे माझ्याकडे आहेत. आजोबा आता नाहीत, म्हणून एकही फुटू द्यायचा नाही. चारांना केसासारखे तडे आहेत, एकाला नख अडकेल एवढी फट. फेव्हिक्विक चालेल का?

उत्तर १
ताई, केसासारख्या तड्यात पातळ सुपरग्लू आपोआप ओढला जातो. फटीला मात्र इपॉक्सीच, तेही पातळ आणि सावकाश सुकणारं. आधी खडा ब्रशने धुवा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. आत ओल राहिली की चिकट धरत नाही, माझे दोन खडे असेच गेले. भरण्याआधी खडा हाताला सोसेल इतका कोमट करा, इपॉक्सी खोलवर उतरतं. मग पूर्ण कडक होऊ द्या. गंगापूर रोडला आमच्याकडे थंडीत मी तीन दिवस थांबतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

उत्तर २
एक लक्षात घ्या, खनिजांच्या १ ते १० या मोहस मापात अकीकाची कठीणता साधारण ७, इपॉक्सी त्याहून खूप मऊ. ते आधी झिजतं आणि तिथे बारीक खाच उरते. म्हणून ड्रममध्ये ६० नंबरच्या जाड घासणाऱ्या पावडरीचा टप्पा आधी, भरणं नंतर, मग २२० नंबरच्या बारीक पावडरीपासून पुढे. आणि विहिरीतले पांढरे, मोत्यासारखे चमकणारे स्टिलबाइट या मऊ खनिजाचे तुकडे यात मिसळू नका, त्यांचा चुरा होईल.

प्रश्नकर्ती
मोठी फट असलेला खडा मग ड्रममध्ये टाकतच नाही. तो तसाच देवघरात ठेवते.