शब्दचर्चा: महासाथ, अलगीकरण, शाश्वत

कयाधू: नांदेडच्या किनवट-माहूरमधल्या कोलाम पोडांसाठी (आदिवासी वस्त्यांसाठी) आरोग्याचं पत्रक लिहायचंय. ‘महामारी’ की ‘महासाथ’? ‘अलगीकरण’ आणि ‘विलगीकरण’ एकच का? ‘शाश्वत विकास’ला सोपा शब्द आहे का?

पैनगंगा: ‘महासाथ’ लिहा. साथ पसरते, मारी मारते. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं; त्या शब्दाचा मूळ अर्थ प्रसाराचा, मृत्यूंचा नव्हे. शिवाय ‘मारी’ म्हटलं की मरीआईचा गाडा आठवतो. तो शिवेपार सोडला की रोग गेला, ही समजूत पत्रकात शिरायला नको.

संपर्कात आलेल्या, पण लक्षणं नसलेल्या माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे अलगीकरण. बाधिताला ठेवणं म्हणजे विलगीकरण. बातम्यांत सर्रास सरमिसळ झाली. दोघांना शाळेच्या एकाच खोलीत ठेवलं, तर धडधाकट माणूसही आजारी पडतो. आणि एका खोलीच्या घरात ‘गृह विलगीकरण’ हा नुसता शब्द उरतो. त्यापेक्षा सरळ लिहा: झोपायची जागा वेगळी, ताट-तांब्या वेगळा, अमुक इतके दिवस.

आणि पत्रकात लोकांना ‘मूलनिवासी’ म्हणणं टाळा, त्याला राजकीय अर्थ चिकटलाय. आदिवासी, किंवा नेमकं कोलाम, गोंड, आंध.

टेंभुर्णी: ‘शाश्वत’ म्हणजे कधीच न संपणारं. ऐकणाऱ्याला वाटतं, कितीही घ्या. हिंदीतला ‘सतत विकास’ तर न थांबता धावणारा! आपल्याकडं ‘पुरवून’ आहे की: पीठ पुरवून वापरा. (‘पुरता विकास’ मात्र नको; ‘पुरता बुडाला’ आठवतं.) मोहाच्या झाडाखालचा पाला जाळून फुलं वेचली तर खालची रोपटी जळतात, पुढचा मोह उगवत नाही. जुनं लुगडं अंथरलं तर फुलं स्वच्छ मिळतात, रोपटीही राहतात. हे पुरवून घेणं.

कयाधू: पण महासाथीत त्याचं काय?

टेंभुर्णी: २५ मार्च २०२०ची टाळेबंदी मोह वेचणीच्या ऐन हंगामात आली, पाठोपाठ तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम. आठवडी बाजार बंद. वाळलेली मोहफुलं हवेतला ओलावा ओढतात. पावसाआधी विकली नाहीत तर बुरशी धरते. म्हणून ‘साठवून ठेवा’ एवढं पुरत नाही. ‘कडक वाळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवा’ असं हवं.

आणि ‘गौण वनोपज’, म्हणजे मोह-तेंदूपत्त्यासारखा इमारती लाकूड सोडून जंगलातला माल? २००६च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्यांना त्यावर मालकी दिली, पण ‘गौण’ तसंच राहिलं. ज्याच्या घरचं मीठ-तेल त्यावर येतं, त्याच्या पत्रकात नुसतं ‘वनोपज’ लिहा.