हॉलिवूडमधला कृष्णवर्णीय नायक : काळाप्रमाणे बदलला की जॉनरप्रमाणे?

चष्मिष्ट :
आमच्या फिल्म क्लबात पुढच्या वेळी बोलायची पाळी माझी आहे, आणि विषय मीच हौसेने ओढवून घेतलाय : अमेरिकन सिनेमातला कृष्णवर्णीय पुरुष. वाचायला बसलो तर जिथे तिथे एकच शिडी. १९१५च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये तो गोऱ्या मुलीच्या मागे लागलेला नराधम (आणि तोही तोंडाला काळं फासलेला गोरा नट). मग स्टेपिन फेचिटसारखा आळशी विदूषक. मग सिडनी पॉयटिए, म्हणजे संत. मग चामड्याच्या कोटातला शाफ्ट, मग एडी मर्फी, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर 'मूनलाइट'. म्हणजे दर दशकाला तो थोडा थोडा माणूस होत गेला म्हणे!

मला हे पचत नाहीये. १९६४चा 'नथिंग बट अ मॅन' पाहा. रेल्वेच्या रुळांवर राबणारा डफ प्रेमात पडतो, लग्न करतो, मालकापुढे मान तुकवत नाही म्हणून काम जातं, आणि तो राग गरोदर बायकोवर निघतो. त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या किती सिनेमांत इतका पुरता माणूस सापडतो? म्हणून विचारतोय, बदल काळाप्रमाणे होतो की जॉनरप्रमाणे (म्हणजे हॉरर, वेस्टर्न अशा सिनेमाच्या प्रकाराप्रमाणे)? आणि माझ्याकडे जेमतेम दीड तास आहे. कोणते प्रसंग दाखवू?

उगाच_एक_प्रतिसाद :
'ब्लॅक पँथर' लावा आणि घरी जा. मांडी मारून धाग्यावर बसलोय.

जुनं_रीळ :
जॉनरप्रमाणे. मी एडिटिंग करतो, त्यामुळे गोष्ट समजायच्या आधी मला कट कुठे मारलाय ते दिसतं. या सिनेमांत एक कट पुन्हा पुन्हा भेटतो : हा माणूस घराच्या दाराशी पोचेपर्यंत सीन संपलेला असतो. त्याला बंदूक मिळते, बिल्ला मिळतो, टाळ्या मिळतात. घर मिळत नाही. तो किती ताकदवान आहे हे मोजायचं सोड. त्याला मायेने हात लावतं कोण, तेवढं बघ. प्रत्येक जॉनरचं बिंग तिथे फुटतं.

'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७) घे. थप्पड सगळेच दाखवतात. काचघर, ऑर्किडच्या कुंड्या, गोरा मळेवाला एंडिकॉट डिटेक्टिव्ह टिब्जच्या (म्हणजे पॉयटिएच्या) मुस्काटात मारतो आणि टिब्ज तिथल्या तिथे परत देतो. मागे सरबताचा ट्रे धरून उभा असलेला कृष्णवर्णीय नोकर बघायला विसरू नकोस. पडद्यावरचं ते मिसिसिपी बरंचसं इलिनॉयमध्ये उभं केलं होतं, कारण पॉयटिए दक्षिणेत शूटिंगला जायला तयार नव्हता. धोका खरा होता.

पण मला दाखवायचा असेल तो त्यानंतरचा प्रसंग. रात्री पोलीस प्रमुख गिलेस्पीच्या घरी दोघं दारू पीत बसलेत. गिलेस्पी आपला एकटेपणा बोलून दाखवतो, टिब्जला विचारतो की तुला नाही का एकटं वाटत. टिब्ज म्हणतो, तुझ्यापेक्षा जास्त नाही. झालं! क्षणात गिलेस्पीचा आवाज चढतो, हा कोण माझी कीव करणारा. एकटेपणासुद्धा बरोबरीने वाटून घेता येत नाही. आणि टिब्जचं स्वतःचं घर? तो आईला भेटून परतताना स्टेशनवर गाडीची वाट बघत होता, तिथूनच त्याला संशयित म्हणून उचललं. आई पडद्यावर येतच नाही.

त्याच वर्षी 'गेस हूज कमिंग टू डिनर'. तिथे तर प्रेमकथाच आहे, पण चुंबन दिसतं ते टॅक्सीच्या आरशात, ड्रायव्हरच्या नजरेतून. आंतरवंशीय लग्नावर बंदी घालणारे कायदे सुप्रीम कोर्टाने जून १९६७मध्ये रद्द केले, सिनेमा डिसेंबरात लागला. कायदा मोकळा झाला तरी कॅमेरा बिचकतच होता.

आता १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. पटकथेत नायक बेनचा वंश लिहिलेलाच नव्हता. ड्वेन जोन्सची ऑडिशन सगळ्यात चांगली झाली म्हणून त्याला घेतलं, असं दिग्दर्शक रोमेरो सांगायचा. तुझी शिडी इथेच मोडते. बेन खिडक्यांना फळ्या ठोकतो, हुकूम सोडतो, गोऱ्या माणसाशी वाद घालतो आणि शेवटी त्याला गोळी घालतो. 'संत' पॉयटिएला हे कुणी करू दिलं असतं? हॉररमध्ये चाललं, कारण सगळं जगच उलटंपालटं झालेलं. सकाळ होते, जग पुन्हा सुलट होतं, आणि शेरिफची टोळी त्याला खिडकीत बघताच गोळी घालते. पुढे हलती चित्रं थांबतात. खरबरीत स्थिरचित्रं येतात, मांस उचलायचे आकडे, बेनचं प्रेत. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या होऊन सहा महिने झाले होते. त्या वेळच्या प्रेक्षकाला ते फोटो कशासारखे दिसले असतील हे वेगळं सांगायला नको.

'गेट आउट'चा (२०१७) शेवट याच जखमेवर बोट ठेवतो. कृष्णवर्णीय नायक क्रिस रस्त्यावर, शेजारी रक्तबंबाळ गोरी मुलगी, आणि निळे-लाल दिवे चमकतात. दिग्दर्शक जॉर्डन पीलने आधी क्रिसला अटक होते असा शेवट शूट केला होता, नंतर बदलला. गाडीतून मित्र रॉड उतरतो. पण तो अर्धा मिनिट, दार उघडेपर्यंतचा, आख्खं थिएटर बेनची आठवण न काढता बेनलाच आठवत असतं.

बडी-कॉप प्रकार (पोलीस आणि त्याचा जोडीदार यांची जोडगोळी) हसत हसत काम करतो, म्हणून जास्त लबाड. '४८ अवर्स'मध्ये (१९८२) एडी मर्फी गोऱ्यांनी भरलेल्या बारमध्ये शिरतो आणि सगळ्यांना भिंतीला लावतो. धमाल सीन आहे. पण तो कैदी आहे, दोन दिवसांच्या बोलीवर बाहेर आणलेला, आणि हातातला बिल्ला निक नोल्टीचा. ताकदसुद्धा उसनी! एड गेरेरो नावाच्या अभ्यासकाने लिहिलंय की या काळात कृष्णवर्णीय स्टारला गोऱ्या जोडीदाराच्या 'संरक्षक कोठडीत' ठेवलं जायचं. 'लीथल वेपन'ने (१९८७) घर दिलं खरं : कृष्णवर्णीय पोलीस मर्टॉ बाथटबमध्ये बसलाय आणि बायकोमुलं पन्नासाव्या वाढदिवसाचा केक घेऊन आत घुसतात. गोड आहे. पण वेड, धोका, आकर्षण हे सगळं मेल गिब्सनकडे गेलं. घर मिळालं तर धग गेली.

दीड तासातली वीस मिनिटं मात्र 'किलर ऑफ शीप'ला दे. चार्ल्स बर्नेटने यूसीएलए विद्यापीठात विद्यार्थी असताना सत्तरच्या दशकात केलेला, दहा हजार डॉलरच्या आत. गाण्यांचे हक्क सुटेनात म्हणून थिएटरात नीट लागायला २००७ उजाडलं. स्टॅन लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात राहतो, कत्तलखान्यात मेंढ्या मारतो, आणि त्याला झोप येत नाही. दोन ओळखीचे येऊन त्याला एका गुन्ह्यात ओढू बघतात. दारातल्या पायरीवर त्यांची आणि स्टॅनच्या बायकोची जुंपते. प्राण्याला दात असतात, पुरुषाला मुठी, असा त्यांचा एकूण सूर. ती म्हणते, डोकं वापरा. स्टॅन तिथेच बसलाय, फारसं बोलत नाही.

मग कपाचा प्रसंग. मित्रासमोर बसून स्टॅन गरम कप गालाला लावतो आणि म्हणतो, बाईच्या जवळ असताना तिचं कपाळ असंच तापतं ना. मित्र खो खो हसतो, मलेरिया झालेल्या बायका आपल्याला नकोत म्हणतो. पुढे एका दृश्यात नवराबायको डायना वॉशिंग्टनच्या गाण्यावर नाचतात. ती त्याच्या उघड्या पाठीवरून हात फिरवते आणि तो अंग काढून घेतो. इथे मायेचा हात आहे, पण दिवसभर मेंढ्या सोललेल्या माणसाला तो सोसत नाही. ही कमतरता सिनेमा लपवत नाही, तिच्याबद्दलच बोलतो. कुठल्याच जॉनरमध्ये बसत नाही म्हणून हे जमलं, असं माझं स्पष्ट मत.

मेघना_ :
'बॉइज एन द हूड' (१९९१) वगळलात? तिथे तर बाप आहे, घर आहे. आणि पोलिसाने मानेला पिस्तूल लावल्यावर नायक ट्रे मैत्रिणीच्या, ब्रँडीच्या घरी येऊन हवेत गुद्दे मारत रडतो तो प्रसंग? ती त्याला मिठीत घेते. तुमच्या कसोटीवर शंभर टक्के उतरतो. शिवाय तो पोलीस स्वतः कृष्णवर्णीय आहे.

माझा आक्षेप वेगळाच आहे. सिनेमाचा सगळा भर 'मुलगा वाया जाऊ नये तर बाप हवा' यावर. ट्रेचा बाप फ्युरिअस शहाणा, आणि शेजारची आई पोरांना नीट वाढवू शकत नाही. ट्रेची आई रीव्हा, म्हणजे अँजेला बॅसेट, हॉटेलात बसून फ्युरिअसला सुनावते की तू केलंस ते आया अनंत काळापासून करत आल्यात, तू काही विशेष नाहीस. मला आख्ख्या सिनेमातलं सगळ्यात धारदार वाक्य तेच वाटतं, आणि सिनेमा ते ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

खिडकीतली_सीट :
सत्तरच्या दशकावर अन्याय होतोय. 'शाफ्ट' (१९७१) सुरू होतो तेव्हा रिचर्ड राउंडट्री सबवेतून वर येऊन टाइम्स स्क्वेअरची भर रहदारी पायी कापत जातो, गाड्यांना हिडीसफिडीस करत. त्याला 'घर नाही' म्हणून नाक मुरडायचं? त्या प्रेक्षकाने तोवर आपला माणूस असा रुबाबात चाललेला पडद्यावर पाहिला कधी होता? दिग्दर्शकही कृष्णवर्णीय, गॉर्डन पार्क्स. आणि पाठीवरचे हात मोजायला बसलात तर वेस्टर्न आख्खाच बाद. कुठल्या काउबॉयला घर असतं?

जुनं_रीळ :
@मेघना_ रीव्हाबद्दल शंभर टक्के. तो प्रसंग क्लिप म्हणून उत्तम चालेल, लहान आहे.

@खिडकीतली_सीट रुबाब मान्य, पण तेव्हाही एकमत नव्हतंच. त्याच वर्षीच्या 'स्वीटबॅक' सिनेमाला ह्यूई न्यूटनने ब्लॅक पँथर या आपल्या कृष्णवर्णीय राजकीय पक्षाच्या पत्रात क्रांतिकारी म्हणून डोक्यावर घेतलं, आणि 'एबनी' मासिकात लेरोन बेनेटने त्याची सालटी काढली : बिछान्यातल्या पराक्रमाने कुणी मुक्त होत नसतं, हा त्याचा मुद्दा. 'नराधम' म्हणून जी प्रतिमा गोऱ्यांनी रंगवली होती, तीच आता आपल्या बाजूने मिरवायची का, हे भांडण तेव्हाच झालंय.

वेस्टर्नचं म्हणशील तर गोऱ्या काउबॉयने घर नाकारणं आणि याला ते मुळात न देणं यात फरक आहे. 'सार्जंट रटलेज'मध्ये (१९६०) कृष्णवर्णीय नट वुडी स्ट्रोडवर गोऱ्या मुलीच्या बलात्काराचा नि खुनाचा खटला चालतो. नाव त्याच्या पात्राचं, श्रेयनामावलीत पहिलं नाव गोऱ्या जेफ्री हंटरचं. उलट १९७२मध्ये पॉयटिएने स्वतः दिग्दर्शन केलेला 'बक अँड द प्रीचर' बघ. गुलामगिरीतून सुटलेल्यांचे तांडे पश्चिमेला नेणारा बक, आणि त्याच्याबरोबर त्याची बाई, रूबी डी. कॅमेरा हातात आल्यावर त्याने पहिल्याच खेपेला काय मिळवलं बघ.

चष्मिष्ट :
मंडळी, एवढं सामान मिळेल असं वाटलं नव्हतं. यादी अशी करतोय : गिलेस्पीच्या घरची रात्र, बेनचा शेवट आणि लगेच क्रिसचा शेवट, '४८ अवर्स'चा बार, रीव्हा, कप. 'मूनलाइट' वरच्या पायरीवरून काढून कपाच्या शेजारी ठेवतो. शेवटच्या भागात सोन्याचे दात लावलेला, दंड फुगवलेला नायक शिरॉन जुन्या मित्राला, केव्हिनला सांगतो की आजवर मला हात लावणारा पुरुष फक्त तू. जुनं_रीळ यांची कसोटी पात्राच्या तोंडूनच येते. शाफ्टची चाल सुरुवातीला लावीन, लोक जागेवर बसेपर्यंत.

उगाच_एक_प्रतिसाद :
बारचा सीन दाखवू नका. लोक हसतील आणि तुमचं बोलणं वाहून जाईल.

चष्मिष्ट :
दाखवणार. हसू द्या पोटभर, मग विचारतो की बिल्ला कुणाचा होता.